शेकडो जीबींची फाइल रॅममध्ये मावेल असा संगणक निवडताना

फाइल २०० जीबीची आहे, मग २५६ जीबी रॅम घेतली की झालं, हा हिशेब बहुतेक वेळा फसतो. तीच फाइल मेमरीत उलगडल्यावर ६०० जीबी मागू शकते, किंवा ८० जीबीतही भागू शकतं. फाइलीत काय आहे आणि कुठला प्रोग्राम ती उघडतो यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून प्रोसेसरचे तक्ते चाळण्याआधी मोजमाप करा. आधी पाय मोजा, मग अंथरूण शिवा.

मेमरीत खरी जागा किती लागते

सीएसव्हीसारख्या मजकुराच्या फाइलीत ‘७’ हा आकडा आणि त्यापुढचा स्वल्पविराम मिळून २ बाइट घेतात. तोच आकडा ६४-बिट पूर्णांक म्हणून मेमरीत गेला की ८ बाइट, म्हणजे चौपट. उलट १७ अंकी दशांश संख्या फाइलीत १८-१९ बाइट खाते आणि मेमरीत तीही ८ बाइटांतच बसते. खरी गोम मजकुराच्या स्तंभांत असते. ६४-बिट पायथॉनमध्ये साध्या रोमन अक्षरांच्या स्ट्रिंगला, अक्षरं सोडून, नुसता वरखर्च ४० ते ५० बाइटांचा असतो. १० अक्षरांचा एखादा क्रमांक स्ट्रिंग म्हणून ठेवला तर १६च्या पटीत धरून ६४ बाइट, शिवाय त्याच्याकडे बोट दाखवणारा ८ बाइटांचा पॉइंटर. एकूण ७२. फाइलीत त्याला ११ बाइट पुरत होते. (देवनागरी मजकुराचं थोडं वेगळं आहे. यूटीएफ-८ फाइलीत प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, पायथॉनच्या मेमरीत २. पण वरखर्च तिथेही सुटत नाही.)

चित्रांचा हिशेब सोपा आहे: रुंदी × उंची × चॅनल × प्रत्येक चॅनलचे बाइट. १ लाख × १ लाख पिक्सेल, ४ चॅनल, ८ बिट म्हटलं की ४० जीबी. १६ बिट केलं की ८० जीबी. कॉम्प्रेस होऊन ती फाइल डिस्कवर ५ जीबीत बसली असली तरी उघडताना हीच रक्कम मोजावी लागते, आणि प्रत्येक थर व प्रत्येक ‘अन्डू’ची भर वेगळी. त्रिमिती स्कॅनचंही तसंच. २००० × २००० × २००० बिंदू, ३२-बिट दशांश म्हणजे ३२ जीबी.

एवढ्यावर थांबू नका. फाइल वाचून झाल्यावर ती किती जागा अडवते यापेक्षा कामाच्या सर्वांत जड क्षणी किती लागते, तो आकडा महत्त्वाचा. क्रमवारी लावताना, दोन तक्ते जोडताना, साधं दोन रांगांची बेरीज करून तिसरी बनवतानाही तात्पुरती प्रत तयार होते. दुप्पट सहज लागते, तिप्पटही विरळा नाही. पांडाज ही पायथॉनमध्ये तक्ते हाताळणारी लायब्ररी बनवणारे वेस मॅकिनी यांनीच २०१७ मध्ये लिहिलं होतं की डेटाच्या ५ ते १० पट रॅम असावी. आजची साधनं बरीच काटकसरी आहेत, पण मोजल्याशिवाय त्या भरवशावर राहू नका.

मोजायचं असं. फाइलीतून यादृच्छिक पद्धतीने १ टक्का ओळी काढा. फक्त सुरुवातीच्या ओळी घेतल्या तर नमुना एकांगी निघतो. त्यावर संपूर्ण काम चालवा, नुसतं वाचन नव्हे. मग २ टक्के, मग ४ टक्के. लिनक्सवर ‘टाइम’ ही आज्ञा सविस्तर अहवालाच्या पर्यायासह चालवली की ‘मॅक्सिमम रेसिडेंट सेट साइज’, म्हणजे प्रोग्रामने एका क्षणी व्यापलेली कमाल रॅम, किलोबाइटमध्ये मिळते. शेलमध्ये अंगभूत असलेला ‘टाइम’ हे सांगत नाही. स्वतंत्र प्रोग्राम पूर्ण पाथ देऊन चालवावा लागतो. विंडोजवर टास्क मॅनेजरच्या ‘डीटेल्स’मध्ये ‘पीक वर्किंग सेट’ आणि ‘कमिट साइज’ हे स्तंभ चालू करा. तीन आकडे हाती आले की स्थिर भाग किती आणि डेटाबरोबर वाढणारा किती ते कळतं, त्यावरून १०० टक्क्यांचा अंदाज बांधा. त्याला १.२५ने गुणा आणि ऑपरेटिंग सिस्टमसाठी १६ जीबी वर धरा. प्रोग्राम एकाच वेळी अनेक प्रोसेस चालवत असेल तर प्रत्येकाची वेगळी प्रत होते का तेही इथेच दिसेल.

हिशेब करून पाहू. १०० कोटी ओळी, आकड्यांचे १२ स्तंभ, वेगवेगळ्या क्रमांकांचा १ मजकुरी स्तंभ आणि ३ असे स्तंभ ज्यांत ठरावीक शेपन्नास शब्दच पुन्हा पुन्हा येतात. जुन्या ‘ऑब्जेक्ट’ पद्धतीने, म्हणजे मजकूर पायथॉनच्या स्ट्रिंग म्हणून ठेवून: आकडे ९६ जीबी, क्रमांक ७२, शब्दांचे नुसते पॉइंटर २४. एकूण १९२ जीबी. क्रमवारी लावताना दुप्पट, ३८४. सव्वापट करून १६ मिळवले की ४९६, म्हणजे ५१२ जीबीचं यंत्र. आता आकडे ३२ बिटांत आणले तर ४८ जीबी, क्रमांक ॲरो पद्धतीच्या (सगळा मजकूर सलग ठेवणाऱ्या) स्तंभात सुमारे १८, शब्दांना १ बाइटचे संकेतांक दिले की ३. एकूण ६९, दुप्पट १३८, सव्वापट आणि १६ मिळून १८९. हे १९२ जीबीच्या डेस्कटॉपवर, काठोकाठ का होईना, बसतं. स्तंभांचे प्रकार नीट निवडल्याने यंत्राची अख्खी एक पायरी वाचली. फक्त ३२-बिट दशांशात १,६७,७७,२१६च्या पुढचे पूर्णांक नेमके राहत नाहीत आणि ३२-बिट पूर्णांक २१४ कोटींच्या आसपास संपतो. खाते क्रमांक आणि पैशांच्या रकमा तिकडे ढकलू नका.

आणखी एक प्रश्न याच टप्प्यावर विचारा: अख्खी फाइल मेमरीत हवीच आहे का? फाइल एकदाच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायची असेल तर नाही, तुकड्या-तुकड्यांनी वाचा. रॅमचा खरा उपयोग होतो तो उड्या मारत वाचताना. रॅममधून एखादी नोंद उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, चांगल्या एनव्हीएमई डिस्कवरून (वेगवान एसएसडीवरून) ५० ते १०० मायक्रोसेकंद, म्हणजे ५०० ते १००० पट. ग्राफ, निर्देशिका, पुन्हा पुन्हा चाळायचा तक्ता अशा कामांत हा फरक मिनिटांचे दिवस करतो.

स्लॉट मोजा, गीगाहर्ट्झ नंतर

क्षमता ठरते ती मदरबोर्डवर किती स्लॉट आहेत आणि प्रोसेसर किती चॅनल (रॅमकडे जाणाऱ्या वाटा) चालवतो यावर. गाभ्यांची (कोअरची) संख्या, घड्याळाचा वेग या गोष्टी दुय्यम. चुकीचा प्लॅटफॉर्म घेतला तर पुढे पैसे ओतूनही रॅम वाढत नाही.

साध्या डेस्कटॉपला २ चॅनल आणि बहुधा ४ स्लॉट असतात. डीडीआर४ पिढीच्या रॅममध्ये ३२ जीबीच्या ४ पट्ट्या, म्हणजे १२८ जीबी, ही कमाल. डीडीआर५मध्ये ४८ जीबीच्या पट्ट्यांनी १९२ आणि बोर्डाची बायोस (यंत्र सुरू करणारं अंगभूत सॉफ्टवेअर) ६४ जीबीच्या पट्ट्या स्वीकारत असेल तर २५६. पण चारही स्लॉट भरले की वेग पडतो आणि तो चांगलाच पडतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेचा अधिकृत मेमरी-वेग दोन पट्ट्यांवर ५२०० (सेकंदाला दशलक्ष हस्तांतरणं) आहे, चार पट्ट्यांवर ३६००. दोन चॅनलची बँडविड्थ (डेटा वाहण्याचा वेग) त्यामुळे सेकंदाला ८३.२ जीबीवरून ५७.६वर येते. १२८ जीबी पुरणार असतील तर ३२च्या चार घेण्यापेक्षा ६४च्या दोन घ्या: वेग टिकतो, दोन स्लॉट मोकळे राहतात. मात्र नंतर आणखी दोन पट्ट्या घातल्या तर वेग कमी होणार हे गृहीत धरा. गेमिंगसाठीची एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल अशा यंत्रात बंद ठेवा. ती म्हणजे ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं), आणि चार मोठ्या पट्ट्यांवर ती हमखास कुठेतरी कुरकुरते.

लॅपटॉपबद्दल थोडक्यात: रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असेल तर घेतली तेवढीच आयुष्यभर. मॅक स्टुडिओचंही हेच, पण २०२५ मध्ये आलेल्या एम३ अल्ट्रा प्रकारात ५१२ जीबीपर्यंतचा पर्याय मिळाला आणि तिची बँडविड्थ सेकंदाला ८१९ जीबी आहे. ग्राफिक्स गाभ्यांनाही तीच मेमरी वापरता येते, त्यामुळे मोठी भाषा-मॉडेलं चालवणाऱ्यांना ती सोयीची पडते. तुमचं सॉफ्टवेअर त्या प्रोसेसरवर नीट चालतं का, एवढं आधी बघा.

२५६ जीबीच्या वर वर्कस्टेशन आणि सर्व्हरचा प्रांत सुरू होतो. एएमडीची थ्रेडरिपर ७००० मालिका ४ चॅनल आणि १ टीबीपर्यंत जाते, थ्रेडरिपर प्रो ७००० ८ चॅनल आणि २ टीबी, इंटेलची झिऑन डब्ल्यू-३४०० ८ चॅनल आणि ४ टीबी, एएमडीची एपिक ९००४ एका सॉकेटवर (प्रोसेसर बसवायच्या एका जागेवर) १२ चॅनल आणि ६ टीबी. हे प्रोसेसरचे आकडे झाले. बोर्डाला ८च स्लॉट असतील तर प्रोसेसरची क्षमता कागदावरच राहते. एपिक ९००४ मध्ये डीडीआर५-४८०० च्या एका चॅनलला सेकंदाला ३८.४ जीबी, म्हणजे बारा भरल्यावर ४६०.८. सगळे चॅनल एकसारख्या पट्ट्यांनी भरले तरच हा आकडा. ६४ जीबीच्या बारा पट्ट्या ७६८ जीबी देतात, ९६च्या बारा ११५२.

आता पट्टीचा आकार. सर्वांत मोठ्या क्षमतेच्या पट्ट्यांचा दर प्रत्येक जीबीमागे जवळजवळ नेहमीच चढा असतो, कारण त्यांत चिपा एकावर एक रचलेल्या असतात. खरेदीच्या दिवशी प्रत्येक आकाराचा भाव भागिले जीबी असा छोटा तक्ता मांडा. बहुधा मधला आकार स्वस्त पडतो. त्या आकारात तुमचा आकडा बसेल इतके स्लॉट असलेला बोर्ड शोधा. हा क्रम उलटा झाला की खर्च वाढतो.

वापरलेल्या डीडीआर४ सर्व्हरांचा विचार अवश्य करावा. एपिक ७००२ आणि ७००३ मालिकेला ८ चॅनल आहेत. १६ स्लॉटांच्या बोर्डात ६४ जीबीच्या पट्ट्या भरल्या की १ टीबी. आवाज मात्र व्हॅक्यूम क्लीनरचा, तेव्हा माणसं बसतात त्या खोलीत ठेवू नका. आणि ‘पर्सिस्टंट मेमरी’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या ऑप्टेन पट्ट्यांना भुलू नका. इंटेलने तो व्यवसाय गुंडाळत असल्याचं २०२२ मध्ये जाहीर केलं, त्या ठरावीक झिऑन प्रोसेसरांवरच चालतात, आणि सोबत साधी डीडीआर४ही लागते.

दोन सॉकेटचं यंत्र स्लॉट दुप्पट करतं, पण निम्मी मेमरी ‘पलीकडच्या’ प्रोसेसरकडे असते आणि तिथून वाचायला जास्त वेळ लागतो. एकच मोठा प्रोग्राम चालवायचा असेल तर एका सॉकेटमध्ये मावेल तोवर एकच सॉकेट घ्या. दोन घ्यावेच लागले तर लिनक्सवर ‘न्यूमासीटीएल’ या आज्ञेने मेमरी दोन्हीकडे आळीपाळीने वाटा, नाहीतर एका बाजूची मेमरी संपून काम मंदावतं आणि एकूण आकडा मात्र ‘भरपूर मोकळी’ म्हणत राहतो.

पट्टीवर काय लिहिलंय ते वाचा

यूडीआयएमएम म्हणजे साधी पट्टी, आरडीआयएमएम म्हणजे रजिस्टर (मधली सहायक चिप) असलेली. दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. डीडीआर४मध्ये रजिस्टरवाली पट्टी साध्या बोर्डात बसते आणि यंत्र सुरूच होत नाही. डीडीआर५मध्ये खाचच वेगळ्या जागी आहे, व्होल्टेजही वेगळं आहे, तेव्हा जोर लावू नका. स्टिकरवरचं ‘२आर×४’ म्हणजे दोन रँक (एकत्र काम करणाऱ्या चिपांचे गट), चार बिट रुंद चिपा. सगळ्या पट्ट्या एकाच क्षमतेच्या, एकाच रँकच्या आणि एकाच चिपरुंदीच्या घ्या. मोठ्या यंत्रांच्या निम्म्या कटकटी भेसळीतून येतात.

ईसीसी, म्हणजे उलटलेला बिट ओळखून दुरुस्त करणारी रॅम, घ्यायची का? १२८ जीबीच्या वर, डेटा तासन् तास मेमरीत राहणार असेल तर घ्याच. गूगलच्या सर्व्हरांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत त्रुटी आढळल्या होत्या. ईसीसी नसेल तर उलटलेला बिट गुपचूप निकालात मिसळतो. यंत्र बंद पडलं तर निदान कळतं तरी. डीडीआर५च्या जाहिरातीतली ‘ऑन-डाय ईसीसी’ ही ती नव्हे. ती चिपेच्या पोटातल्या चुका दुरुस्त करते, पण चिप ते प्रोसेसर या वाटेचं रक्षण करत नाही आणि चूक झाल्याचं ऑपरेटिंग सिस्टमला कळवतही नाही. डेस्कटॉपवर ईसीसी हवी असेल तर रायझनमध्ये बोर्डाची माहितीपत्रिका तपासा. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीला डब्ल्यू६८० चिपसेटचा बोर्ड लागतो.

रॅम भरणारी डिस्क

५०० जीबी वाचायला सेकंदाला २०० एमबी वेगाच्या फिरत्या डिस्कला सुमारे ४२ मिनिटं लागतात, साटा एसएसडीला १५, सेकंदाला ७ जीबी देणाऱ्या एनव्हीएमईला सव्वा मिनिटाच्या आत. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर दरवेळी हा वेळ जाणार, म्हणून एनव्हीएमईवर कंजुषी नको. मात्र सीएसव्ही वाचताना वेळ डिस्क खात नाही, आकडे उलगडणारा प्रोसेसर खातो. एकदाच पार्के या स्तंभवार फाइल-प्रकारात किंवा सरळ बायनरी रूपात बदलून ठेवा.

स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडल्यास वापरायची डिस्कवरची जागा, ठेवायचा का यावर वाद झडतात. थोडा ठेवा, ३२ जीबी वगैरे, एनव्हीएमईवर. तो जागा वाढवायला नसतो. अंदाज ५ टक्क्यांनी चुकला तर रात्रभराचं काम शेवटच्या पायरीवर मारलं जाऊ नये एवढ्यासाठी. हत्ती जातो आणि शेपूट अडकतं, ते याच ठिकाणी. वीज गेली की रॅम कोरी होते, म्हणून यूपीएस लागतोच, निदान मधले निकाल लिहून काढण्याइतक्या मिनिटांचा.

वीज आणि उष्णता विसरू नका. मोठी आरडीआयएमएम भरात १० वॅटच्या आसपास तापते. बारा-सोळा पट्ट्या म्हणजे शंभर-दीडशे वॅट, तेही एकमेकांना खेटून. पट्ट्यांवरून थेट वारा जाईल असा पंखा हवा.

सॉफ्टवेअरच्या भिंती

विंडोज ११ होम १२८ जीबीच्या पुढे पाहत नाही; प्रो २ टीबीपर्यंत जातं. जावामध्ये हीप (प्रोग्रामला दिलेली मेमरी) ३२ जीबीच्या खाली असेल तर पॉइंटर ४ बाइटांत मावतात. ती रेषा ओलांडली की ८ बाइटांचे होतात. त्यामुळे ३१ जीबीवरून ३३वर गेल्यास जागा वाढण्याऐवजी कमी झाल्यासारखी वाटते. जायचंच तर ४८ किंवा ६४वर जा.

लिनक्सवर रॅमडिस्कसाठी (रॅमलाच डिस्कसारखं वापरण्यासाठी) टीएमपीएफएस वापरली तर तिची मूळ मर्यादा एकूण रॅमच्या निम्मी असते. माउंट करताना आकार वाढवून द्यावा लागतो. पण नेहमीची चूक वेगळीच: फाइल रॅमडिस्कवर टाकायची आणि प्रोग्रामने ती वाचून पुन्हा आपल्या मेमरीत घ्यायची. रॅम दुप्पट गेली. फाइल मेमरीशी जोडून वाचता येत असेल, म्हणजे एममॅप, तर रॅमडिस्कची गरजच नाही. ऑपरेटिंग सिस्टम वाचलेली पानं (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) स्वतःच कॅशमध्ये ठेवते.

१ टीबी मेमरीची ४ केबीची पानं केली तर २६ कोटी ८४ लाखांवर जातात आणि त्यांच्या नोंदवहीलाच २ जीबी लागतात. २ एमबीची मोठी पानं वापरली तर ५,२४,२८८ उरतात. उड्या मारत वाचणाऱ्या कामांना याचा फरक जाणवतो, म्हणून ‘ह्यूज पेजेस’ चालू करून एकदा वेळ मोजून पाहा.

जोडणी आणि बिघाड

डेस्कटॉपवर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. सर्व्हरवर बोर्डाच्या पुस्तिकेतला क्रम तंतोतंत पाळा. आधी बायोस अद्ययावत करा, मग मोठ्या पट्ट्या घाला. पहिल्यांदा सुरू केल्यावर डीडीआर५ यंत्र काही मिनिटं काळा पडदा दाखवतं. ते मेमरीची जुळवणी करत असतं, मध्येच वीज बंद करू नका.

बारा पट्ट्या लावल्या आणि अकराच दिसल्या तर न दिसणारी पट्टी शेजारच्या पट्टीशी अदलाबदल करा. दोष पट्टीबरोबर हलला तर पट्टी खराब. स्लॉटलाच चिकटून राहिला तर प्रोसेसर उचलून सॉकेटच्या पिना पाहा आणि स्क्रू ठरावीक क्रमाने, ठरावीक ताकदीने पुन्हा आवळा. दाब एका बाजूला कमी पडला की एखादा चॅनल गायब होतो. बरोबर निम्मीच मेमरी दिसत असेल तर पट्ट्या काढायच्या आधी बायोसमध्ये ‘मिररिंग’ (मेमरीतल्या डेटाची दुसरी प्रत ठेवणं) चालू आहे का ते पाहा. मेमरी शिल्लक असूनही प्रोग्राम मारला जात असेल तर तो ज्या कंटेनरमध्ये (प्रोग्राम वेगळा ठेवणाऱ्या बंदिस्त वातावरणात) चालतो, त्याची मेमरी-मर्यादा तपासा.

मग मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा, ४ फेऱ्या. ५१२ जीबीवर याला दिवस-दोन दिवस लागू शकतात, लागू द्या. पट्ट्या परत करण्याची मुदत संपण्याआधी हे उरका. ईसीसी यंत्रावर त्यानंतर ‘रासडेमन’ (मेमरीच्या चुका नोंदवणारा लिनक्स प्रोग्राम) चालू ठेवा आणि दुरुस्त झालेल्या चुकांची मोजणी आठवड्यातून एकदा पाहा. वर्षात एखादी चूक खपून जाते. एकाच पट्टीवर त्या रोज वाढू लागल्या तर तिची जागा टिपून घ्या आणि पुढचं मोठं काम लावण्याआधी ती बदला.